आरोग्य केंद्राला डोकी दिसतात, वय दिसत नाही

2001 ते 2011 या काळात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची मात्र घटली. कमावती पिढी मुंबई-पुण्याला गेली, आईबाप वाडीत राहिले. सरकारी हिशेब अजून डोक्यांचाच आहे: सपाटीवर 30 हजार, डोंगराळ भागात 20 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. या हिशेबाने कोकणाची गरज कमी व्हायला हवी, प्रत्यक्षात ती वाढते आहे. विशीतला माणूस कधीमधी तापाला दवाखान्याची पायरी चढतो. बीपी-शुगरच्या माणसाला दर महिन्याला गोळ्या लागतात, त्याही जन्मभर. शिवाय चाकरमान्यांचे पैसे नियमित येऊ लागले, तसं गुडघा, मोतीबिंदू, धाप ‘वयाचं आहे’ म्हणून सोसणं कमी झालं. चांगलंच झालं.

पैसा आला की खाजगी डॉक्टर येतील, असं सांगतात. आले की! पण कणकवलीत, चिपळुणात, बाजारपेठेत. वाडीतल्या दहा-बारा म्हाताऱ्यांवर कुणाची प्रॅक्टिस चालणार? मोठ्या दुखण्याला सिंधुदुर्गातली माणसं गोव्याच्या बांबोळीतल्या सरकारी रुग्णालयात जातात. 2018 साली तिथे परराज्यातल्यांना शुल्क लागलं, तेव्हा दोडामार्गात आंदोलन झालं ते उगाच नव्हे. दुसरं उत्तर विम्याचं. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, सत्तरीपुढच्यांना 2024 पासून आयुष्मान कार्डही आहे. योजना चांगल्याच, पण त्यांचा मुख्य आधार मिळतो तो रुग्णालयात दाखल झाल्यावर. गोळ्या चुकल्याने पक्षाघात झाला तर उपचारांचं बिल सरकार भरेल; त्या गोळ्यांसाठी मात्र म्हातारीने घाटी उतरून डांबरी रस्ता गाठायचा, एसटीची वाट बघायची, केंद्रात रांग लावायची आणि ‘साठा संपलाय, पुढच्या आठवड्यात या’ ऐकून पुन्हा घाटी चढायची. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा ती जात नाही. रिक्षा केली तर गोळ्यांपेक्षा भाडं जास्त, आणि मुलाने पाठवलेला पैसा तिथेच जिरतो.

गावं ओस पडताना पगारी माणसं कशाला वाढवायची, हा आक्षेप वजनदार आहे. पण इथे नव्या इमारती कुणी मागत नाही. गावात आशाताई आहेतच, पण त्यांचा कामागणिक मिळणारा मोबदला बराचसा बाळंतपण आणि लसीकरणाशी बांधलेला आहे. जिथे पाळणाच क्वचित हलतो तिथे काम असूनही हे पैसे फारसे मिळत नाहीत. म्हणून पदं मंजूर करताना साठीपुढची माणसं वेगळी मोजा, प्रकृती स्थिर असलेल्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या आणि त्या घरपोच करण्याचा मोबदला आशांना द्या. येत्या ग्रामसभेत हाच ठराव मांडा, सोबत वाडीनिहाय साठीपुढच्यांची संख्या जोडा आणि जिल्हा परिषदेकडून पोच घ्या.