दिवाळीनंतरची हजेरी

जालना जिल्ह्यातल्या परतूर, मंठा, अंबड, घनसावंगी भागातल्या शिक्षकाला ऊसतोडीचा हंगाम सुरू झाल्याचे कुणी सांगावे लागत नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की हजेरी घेतानाच ते कळते. उचल घेतलेली जोडपी मुकादमाच्या टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघून गेलेली असतात आणि त्यांच्याबरोबर वर्गातली काही मुलेही. ती परततात मार्च-एप्रिलमध्ये, परीक्षा तोंडावर आल्यावर.

गुणवत्तेची चर्चा सध्या जोरात आहे. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे 2021 साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट आणि 2026-27 ही त्याची मुदत. ‘असर’च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले 2022 मध्ये 16.3 टक्के होती, 2024 मध्ये 23.4 टक्के झाली. सुधारणा आहे, पण चारातली तीन मुले अजून मागेच आहेत. ती का मागे राहिली, हे टक्केवारी सांगत नाही. ते वर्गशिक्षकालाच शोधावे लागते. आमचे म्हणणे एवढेच की जालन्यासारख्या जिल्ह्यात मुलाची गुणवत्ता आणि मुलाचे स्वास्थ्य यांच्या दोन वेगळ्या फायली ठेवता येणार नाहीत.

तिसरीतला एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. तो गेला तेव्हा वर्गात जोडाक्षरांचा सराव चालू होता. पुढचे चार-पाच महिने फडाजवळच्या कोपीत धाकट्या बहिणीला सांभाळण्यात गेले. परत आला तेव्हा वर्ग पुढे निघून गेलेला. तो मागे बसतो, फळ्यावरचे निमूटपणे उतरवून घेतो. अक्षर नेटके, वही पूर्ण. तपासणाऱ्याची सही सहज पडते. त्यानेच लिहिलेली ओळ त्याला वाचायला सांगा, म्हणजे खरे काय ते कळेल. येत नाही हे लपवायला तो शिकला आहे, कारण येत नाही म्हटले की वर्ग हसतो. ही भीती गेल्याशिवाय त्याचे वाचन सुरू होणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई केली आहे. चारचौघांत ‘एवढंही येत नाही का?’ असे विचारणे छडीपेक्षा फारसे सौम्य नाही.

आई-वडील गेल्यावर गावात आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या मुलांचा प्रश्न निराळा. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. शाळेतल्या दुपारच्या जेवणातून पहिली ते पाचवीच्या मुलाला 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत असा निकष आहे. पण सकाळ-संध्याकाळचे काय, याचे उत्तर हे वसतिगृहच देऊ शकते. त्याची मान्यता आणि निधी टोळ्या निघून गेल्यावर आला, तर त्याचा उपयोग काय? ज्या मुलांसाठी तो होता ती तोवर फडावर पोचलेली असतात. प्रस्ताव वेळेत पाठवणे मुख्याध्यापकांच्या हाती आहे. तो वेळेत मंजूर करणे जिल्हा परिषदेच्या. दोघांनीही आपापली तारीख पाळली पाहिजे.

जेवणाच्या पंगतीत भात दुसऱ्यांदा कोण मागतो, कोण ताटातले चिवडत बसतो, परिपाठात कोण पेंगतो, हेही मूल्यमापनच आहे. त्यासाठी वेगळा तक्ता नको, वर्गशिक्षकाची नजर पुरे. अशीच नजर भाषेबाबतही हवी. तांड्यावरून आलेल्या, घरी गोरमाटी बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलीला सुरुवातीचे काही महिने तिच्या बोलीतून उत्तर देऊ दिले, तर ती गप्प बसायला शिकणार नाही.

शिक्षकांवर माहिती भरण्याचा बोजा आहे, एकेका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग आहेत, हे आम्ही नाकारत नाही. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 सांगते. प्रशासनाने ते पाळावे, ही मागणी रास्तच आहे. पण ती मान्य होईपर्यंत मुलांचा हंगाम थांबत नाही.

हा अंक हाती पडेल तेव्हा दिवाळीला थोडा अवधी असेल. तेवढ्यात होण्याजोगी चार कामे सुचवतो. कोणत्या घरातून टोळीत जाणार आहेत त्याची यादी शाळा व्यवस्थापन समितीला बरोबर घेऊन आताच करा आणि मूल मागे ठेवण्याबद्दल आई-वडिलांशी, त्याहून आधी आजीशी, बोला. जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्या. तिकडच्या शाळेने त्याला वयानुरूप वर्गात बसवणे हा त्याचा हक्क आहे. मागे राहिलेल्या मुलाला आठवड्यातून एकदा तरी आईशी फोनवर बोलता येईल अशी सोय करा. आणि परतलेल्या मुलाची पहिल्याच दिवशी चाचणी घेऊ नका. आधी त्याला सोबती द्या, रोज थोडा वेळ जवळ बसवून वाचून घ्या, मग पातळी ठरवा.

केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत निपुणच्या तक्त्यांआधी टोळीत जाणाऱ्या घरांची ही यादी वाचली जावी. एप्रिलमध्ये निकाल कसा लागणार, हे बरेचसे या यादीवरच ठरणार आहे.