हत्यारांची जागा

मंडळी, आज मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना इथूनच भांडायला सुरुवात करता येईल. घरच्या सुतारकामाच्या खोलीत ड्रिल, ग्राइंडर, जिगसॉ, राउटर ही हातात धरायची यंत्रं नीट ठेवली आहेत की नाही, याची परीक्षा मालकाने घ्यायची नसते. ती घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घ्यायची असते. मालक गावाला गेलाय, आणि घरच्या माणसाला दोन मिनिटांत हवं ते यंत्र, त्याचं पातं आणि त्याची चावी सापडली, काम झाल्यावर सगळं परत तिथेच ठेवता आलं, तर मांडणी पास. नाही सापडलं तर नापास. मग भिंत कितीही फोटो काढण्यासारखी दिसो!

हल्ली या विषयावर व्हिडिओ पुष्कळ आहेत. परदेशातलं कुणाचं तरी गॅरेज असतं, भिंतभर 45 अंशांत कापलेल्या लाकडी पट्ट्या, त्यावर अडकवलेले खण, प्रत्येक खणात एकाच रंगाची यंत्रं. बघायला छान वाटतं. आमच्याकडे, म्हणजे जालन्यात, चित्र वेगळं असतं. घरामागे दहा बाय बाराची पत्र्याची खोली, एका कोपऱ्यात पाण्याचा ड्रम, दुसऱ्या कोपऱ्यात जुना कूलर, आणि उरलेल्या जागेत निवृत्त माणसाची हौस. त्यामुळे तिकडची मांडणी जशीच्या तशी इकडे उचलून चालत नाही. इथे तीन शत्रू आहेत: ऊन, धूळ आणि उंदीर. पावसाळ्यात चौथा येतो, तो म्हणजे गंज.

उन्हाचं आधी सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42-43 पर्यंत जातो, आणि पत्र्याखाली तर त्याहून जास्त. बिनवायरच्या ड्रिलची बॅटरी लिथियम-आयनची असते. 18 व्होल्टच्या बॅटरीत साधारण 3.6 व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात, आणि अशा सेलना चार्जिंगसाठी 45 अंशांपर्यंतचंच तापमान मानवतं. म्हणजे भर उन्हाळ्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत चार्जर लावणं म्हणजे बॅटरीचं आयुष्य हाताने कमी करणं. बॅटऱ्या घरात, सावलीच्या फडताळात ठेवाव्यात. महिनोन् महिने लागणार नसतील तर अर्ध्याच चार्ज करून ठेवाव्यात. यंत्र खोलीत आणि जीव घरात, राक्षसाच्या गोष्टीतल्या पोपटासारखा! याचा आणखी एक फायदा आहे, त्याकडे पुढे येतो.

धुळीचं काय करायचं? बंद कपाट करा, असं लोक सांगतात. मला ते पटत नाही. बंद कपाटात ठेवलेलं यंत्र दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते परत जागेवर जात नाही. कपाटाचा दरवाजा उघडून, पुढची दोन यंत्रं बाजूला करून मागचं जिगसॉ काढायचं म्हटलं की माणूस काम झाल्यावर ते टेबलावरच ठेवतो. एकाच्या मागे एक कधीच ठेवू नये, हा पहिला नियम. धूळ बसते ती वरून. म्हणून यंत्रं फळीवर ठेवण्यापेक्षा फळीखाली टांगावीत, आणि आठवड्यातून एकदा ब्लोअर मारावा. भुसा झटकल्याशिवाय तर कुठलंच यंत्र टांगू नये. भुसा ओल धरून ठेवतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये गंजाची सुरुवात तिथूनच होते.

टांगायचं कसं, तर त्याचं उत्तर भंगारात सापडतं. बोअरच्या किंवा ड्रेनेजच्या चार इंची पीव्हीसी पाइपाचे वीतभर तुकडे घ्यायचे, खालच्या बाजूला मूठ जाईल एवढी फट कापायची आणि फळीखाली स्क्रूने ठोकून द्यायचे. ड्रिलचं धड पाइपात, मूठ खाली लोंबते. खर्च जवळपास शून्य. ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कंपनीला 1917 मध्ये पिस्तुलासारख्या मुठीच्या, घोडा दाबून चालणाऱ्या ड्रिलचं पेटंट मिळालं. हाताला तो आकार इतका सोयीचा की पुढे तोच रूढ झाला. पण पिस्तुलाचा आकार खणात कधी नीट बसत नाही, तो टांगायचाच आकार आहे. पोलिससुद्धा पिस्तूल कमरेलाच लावतात ना!

बाकीच्यांची तऱ्हा वेगवेगळी. इलेक्ट्रिक रंध्याचं पातं तळातून किंचित बाहेर असतं, म्हणून त्याच्या पुढच्या टोकाखाली एक पट्टी द्यायची, म्हणजे पातं फळीला टेकत नाही. जिगसॉचं पातं आणि राउटरचा बिट काढूनच ठेवायचा. सँडर त्याच्या मऊ गादीवर उभा ठेवला तर गादी दबते, त्याला आडवा टांगावा. ग्राइंडरचा गार्ड कधी काढू नये, चकती मात्र काढून कोरड्या जागी सपाट ठेवावी. बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण कापायच्या चकतीला मुदत असते. तयार झाल्यापासून साधारण तीन वर्षं, आणि ती मधल्या धातूच्या कडीवर छापलेली असते. मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेणाऱ्या यंत्रावर मुदत संपलेली, ओल लागलेली चकती चढवायची म्हणजे... असो. वायर कोपरात घट्ट गुंडाळू नये, ती यंत्रात शिरते तिथेच आतून तुटते. सैल वेटोळं करून खुंटीला, जमिनीपासून वर. उंदरांना कॉपर आवडत नसेल, पण वरचं रबर त्यांना फार आवडतं.

इथवर कुणाचं भांडण नसावं. भांडण पुढे आहे.

आमच्या ओळखीचे एक सुतार आहेत, कामाच्या जागी सगळी यंत्रं खताच्या रिकाम्या गोणीत घालून मोटारसायकलवर आणतात. ग्राइंडर, कटर, ड्रिल, राउटर, सगळं एकात एक. आणि हात घातला की हवं तेच वर येतं! माझे एक स्नेही हेच उदाहरण देऊन म्हणतात, की मांडणी वगैरे रिकाम्या लोकांचे उद्योग, कारागिराला गोणी पुरते. मला यात एक गोष्ट सुटलेली दिसते. ते सुतार प्रत्येक यंत्र रोज वापरतात. त्यांच्या हाताची आठवण रोज ताजी होते. आपण हौशी माणसं राउटर तीन महिन्यांतून एकदा काढतो, तेवढ्यात हात विसरतो. तेव्हा यंत्र किती महागाचं यावर त्याची जागा ठरवू नये, दोन वापरांत किती दिवस जातात यावर ठरवावी. रोजचं ड्रिल कसंही ठेवा, ते सापडेलच. वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूला मात्र नाव लिहिलेली जागा हवी.

आणि त्या सुतारांच्या गोणीतली व्यवस्था त्यांच्याबरोबर हिंडते. आपली आपल्यामागे राहते, हा खरा फरक.

आमच्या गल्लीत एक काका होते. नाव सांगत नाही. हौशी सुतार, पण हात असा की गल्लीतले निम्मे देव्हारे त्यांचेच. तीस वर्षांत जमवलेली यंत्रं, एकेक पारखून घेतलेलं. ठेवायची पद्धत त्यांची स्वतःची. जिगसॉची पाती बिस्किटांच्या डब्यात, राउटरची चावी खिडकीतल्या तांब्यात, 6 आणि 8 मिलिमीटरच्या दांड्यांचे बिट एका जुन्या मोज्यात. त्यांना मध्यरात्री उठवलं तरी अंधारात काढून देतील. काका गेले. काकूंनी वर्षभर खोलीला हात लावला नाही. मुलगा परदेशातून आठ दिवसांसाठी आला, त्याला काही उमगेना. चावीशिवाय राउटर म्हणजे नुसता लोखंडाचा गोळा, आणि चावी तांब्यात आहे हे कुणाला माहीत? शेवटी भंगारवाल्याला बोलावलं. किलोच्या भावात गेलं सगळं, आणि तो तांब्याही गेला. मी पोचलो तेव्हा हातगाडी कोपऱ्यावर वळत होती.

काकूंना पैशाचं दुःख नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, की तीस वर्षं मी त्या खोलीत चहा नेऊन दिला, पण कुठे काय आहे ते मला कधी कळलं नाही.

या वाक्यानंतर माझं मत पक्कं झालं. व्यवस्था एकाच्याच डोक्यात असेल तर तिला व्यवस्था म्हणू नये, ती मक्तेदारी आहे. आपल्याकडे हे जुनं आहे. बलुतेदारीत सुताराचं ज्ञान बापाकडून मुलाकडे जायचं, वाकस-पटाशी-रंध्यासकट. 1950 मध्ये सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, गावोगाव आयटीआय झाल्या, आणि कुणाच्याही मुलाला तो धंदा शिकायची वाट उघडली. कारखान्याच्या टूलरूममध्ये टोकनची पद्धत असते: हत्यार घेतलं की त्या जागी आपल्या नंबरचा पितळी बिल्ला अडकवायचा. रिकामी खुंटी बोलते, काय गेलंय आणि कुणाकडे गेलंय ते. विमानांच्या देखभालीत तर प्रत्येक हत्याराची आकृती फळीवर काढलेली किंवा फोममध्ये कोरलेली असते, कारण एखादा पाना इंजिनात राहिला तर जिवावर बेतायचं. तिथे कुणी म्हणत नाही की मला पाठ आहे. आणि आपण घरी मात्र त्याच पाठ असण्याचा मिरवून अभिमान बाळगतो!

सौ.ला हे सगळं ऐकवलं तर ती हसली. म्हणाली, ‘अहो, आमच्या स्वयंपाकघरात कुणीही येतं आणि चहा करून जातं. साखर कुठे आहे ते विचारावं लागत नाही.’ खरं आहे. दहा माणसांच्या घरात सासू, सुना, माहेरवाशिणी, मदतीला आलेल्या शेजारणी, सगळ्यांना चालेल अशी मांडणी बायकांनी न बोलता करून ठेवली. मिसळणाचा डबा उघडला की सात वाट्या एकदम दिसतात, एकीमागे एक लपत नाही. आम्ही पुरुष व्हिडिओ बघून शिकतो ते तिथे शंभर वर्षं चालू आहे.

आता लहान मुलांचा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. सगळं उघडं टांगलं तर नातवंडांच्या हाताला लागेल, म्हणून कुलूप हवं, असं माझी मुलगी म्हणते. माझं म्हणणं, यंत्र उघडं ठेवा आणि त्याची ताकद कुलपात ठेवा. बॅटऱ्या घरात आहेतच, हाच तो मघाचा दुसरा फायदा. पाती, बिट, चकत्या एका छोट्या कुलपाच्या पेटीत. खोलीचा मेन स्विच उंचावर, आणि त्याबरोबर 30 मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच लावलेला. मग पोराने ड्रिल हातात धरलं तर काय बिघडलं? धरू दे. जे लपवून ठेवलं त्याच्याशी ओळख होत नाही, आणि ओळख नसलेल्या वस्तूचीच पुढे भीती वाटते किंवा ती भंगारात जाते. फक्त पेटीची किल्ली कुठे आहे हे घरातल्या दोन मोठ्या माणसांना माहीत हवं. एकाला नको, दोघांना.

म्हणून माझ्या खोलीत पाट्या आहेत, मराठीत. ‘राउटर, चावी मागच्या खिळ्याला.’ ‘जिगसॉची पाती, लाकडाची डावीकडे, लोखंडाची उजवीकडे.’ पॉलिश पेपरवर नंबर. भाचेमंडळी चेष्टा करतात, की मामा, म्युझियम केलंत की! करू देत. गेल्या दिवाळीत मुलीने मला न विचारता पुस्तकांची मांडणी केली, मी तेव्हा अंबडला लग्नात होतो. परत आलो तर सगळं जागेवर, एका खुंटीवर मात्र चिठ्ठी: ‘बाबा, 8 नंबरचा बिट बोथट झालाय, धार लावायला दिलाय.’ कित्येक वर्षांत मला मिळालेलं ते सर्वांत चांगलं पत्र आहे.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात. मला तो दिवस वर्षाच्या शिरगणतीसारखा वाटतो. सगळं बाहेर आलेलं असतं, काय आहे, काय गंजलं, काय हरवलं ते दिसतं. या वर्षी एक करून बघा. पूजा झाली की हत्यारं परत जागेवर ठेवायला स्वतः जाऊ नका. बायकोला, मुलीला, नातवाला सांगा आणि आपण पाटावर बसून राहा. त्यांनी तुम्हाला हाक मारून किती वेळा ‘हे कुठे ठेवायचं?’ असं विचारलं ते मोजा. तेवढ्या पाट्या तुमच्याकडे कमी आहेत.