मोठं नाव कुणाचं?

बालमित्रांनो,

परवा शाळा सुटल्यावर मी फळा पुसत होते, तेवढ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी वडिलांबरोबर दारात उभी राहिली. चौथीपर्यंत ती कुरुळीत माझ्याच वर्गात होती. आता बारावी सायन्स पास! वडील चाकणला कंपनीत कामाला. त्यांनी थेट विचारलं, "बाई, कुठलं विद्यापीठ मोठं? मुंबईचं जुनं म्हणतात, पुण्याचं नाव मोठं म्हणतात. हिला फिजिक्स घ्यायचंय. कुठं घालू?"

माझ्या पोटात खड्डाच पडला. काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा आला होता, आणि मी पटकन सांगून बसले होते, "जा पुण्याला, नाव मोठं आहे." मोशी-भोसरीच्या गर्दीतून दोन बस बदलत रोज त्याचे चार तास जायचे. सकाळचं प्रॅक्टिकल हमखास बुडायचं. दुसऱ्या वर्षी त्याने कॉलेज सोडलं. सल्ला माझाच होता ना!

म्हणून या वेळी मी दोघांना बाकावर बसवलं आणि फळ्यावर आपल्या गावावरून जाणारा पुणे-नाशिक रस्ता काढला. चाकण, राजगुरुनगर, संगमनेर, नाशिक. या वाटेवरच्या बहुतेक महाविद्यालयांच्या पदवीवर नाव एकच, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ! पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतली शेकडो महाविद्यालयं या एका विद्यापीठाला जोडलेली आहेत. मग नाव सारखं म्हणून सगळी सारखी का? मुळीच नाही.

आणखी एक गंमत. पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ सालचं, म्हणजे १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाहूनही जुनं. ते आधी मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. १९४९ साली पुणे विद्यापीठ निघालं, तेव्हा त्याला जोडलं गेलं. २०२२ साली तर ते स्वतःच विद्यापीठ झालं. पदवीवरचं नाव बदलत गेलं, पण कॉलेजची कीर्ती झाली ती तिथल्या शिकण्या-शिकवण्यानं.

विद्यापीठाचं नाव अगदीच बिनकामाचं नाही हं. अभ्यासक्रम आणि परीक्षा बहुधा तेच ठरवतं. पुढं एम.एस्सी. किंवा संशोधन करायचं, तर विद्यापीठातला तो विभाग कसा आहे हे पाहावंच लागतं. केंद्र सरकार २०१६ पासून शिक्षणसंस्थांची क्रमवारी जाहीर करतं. त्यात विद्यापीठांची यादी वेगळी आणि महाविद्यालयांची वेगळी असते. पहिल्या यादीतला नंबर दुसरीकडे चिकटवायचा नाही!

मग मी तिला वहीत चार प्रश्न लिहून दिले. फिजिक्सला कायमचे शिक्षक किती? प्रॅक्टिकल खरंच होतात का? मागच्या वर्षी पास झालेल्या मुली आता काय करतात? जायला-यायला वेळ आणि पैसे किती? उत्तरं माहितीपुस्तकातून नाही, शेवटच्या वर्षाच्या मुलींकडून आणायची.

चार दिवसांनी ती परत आली. वही भरलेली! "बाई, जवळच्या कॉलेजची प्रयोगशाळा लहान आहे, पण प्रॅक्टिकल दर आठवड्याला होतात. पुण्यातल्या कॉलेजचं ग्रंथालय केवढं मोठं! पण वसतिगृह मिळालं तरच जमेल."

निर्णय अजून व्हायचाय. पण वडील आता "मोठं कुठलं?" असं विचारत नाहीत. ते विचारतात, "हिला चांगलं कुठलं?"

तुमच्या घरी ताई-दादा यंदा बारावीला असतील, तर हे चार प्रश्न त्यांच्या वहीत लिहून द्या. एवढं कराल ना?

तुमच्या,
बाई