‘सर्व्हर डाऊन’चा हिशेब मांडा

सेतू केंद्रापासून रेशन दुकानापर्यंत ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे उत्तर आपण इतक्या निमूटपणे ऐकून घेतो, की चूक कोणाची, हे विचारायचेच राहून जाते. यंत्र मात्र ते लपवत नाही. संकेतस्थळ प्रत्येक विनंतीला तीन आकडी कोड लावून उत्तर देते आणि त्यातला पहिला आकडा बहुतेक वेळा जबाबदारी सांगतो. ४०४ किंवा ४०३ आला तर खोट मागणीत आहे. पत्ता चुकला किंवा परवानगी नाही. (दुवा संकेतस्थळानेच मोडला असेल तर गोष्ट वेगळी.) पाचाने सुरू होणारा कोड ही सर्व्हरची स्वतःची कबुली असते. ५०३ म्हणजे सध्या सेवा देणे शक्य नाही, बहुधा भार पेलवत नाही. ५०४ म्हणजे दर्शनी यंत्राने विनंती घेतली, पण मागच्या यंत्राने वेळेत उत्तर दिले नाही. कोड येण्याआधीच जोडणी फसली तरी फरक कळतो. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आले तर बहुधा यंत्र चालू आणि सेवा बंद. ‘टाइम्ड आऊट’ आले तर पलीकडून उत्तरच नाही.

सामान्य माणसाने हे आकडे कशाला शिकावेत, असा आक्षेप येईल. त्याने शिकू नयेच. पडद्यावर कोड, वेळ आणि ‘चूक आमची आहे, अर्ध्या तासाने या’ एवढे मराठीत लिहिले की पुरे. ५०३सोबत पुन्हा कधी यायचे ते कळवण्याची सोय नियमांतच आहे. कोडमुळे हल्लेखोरांचे फावते, हेही खरे नाही. आतली रचना उघडी पाडतो तो त्रुटीचा सविस्तर तपशील. कोडच्या नोंदींचा मुख्य लाभ गर्दीच्या आणि मुदतीच्या वेळी आहे. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चारला १८ वर्षांवरील नागरिकांची लसनोंदणी सुरू होताच कोविन हे नोंदणीचे संकेतस्थळ अनेकांना उघडेना. किरकोळ बिघाड होता, दुरुस्त झाला, असे सरकारी खुलाशात म्हटले गेले. किरकोळ की मोठा, हे खुलाशाने ठरत नाही. त्या वेळात किती विनंत्या पाचाच्या कोडने परतल्या, यावरून ठरते. सर्व्हर पूर्ण बंद असेल तर नोंद कोण ठेवणार? बाहेरचा पहारेकरी. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास इंटरनेटवरून नाहीसे झाले, तेव्हा काय तुटले ते क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीने बाहेरूनच टिपले होते. अर्जांची मुदत वाढवण्याचा निर्णयही आरडाओरड किती झाली यावर नव्हे, अशा नोंदींवर व्हावा. तोवर वाचकांनी एवढे करावे: अर्ज अडला की कोड आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा आणि तक्रारीला जोडावा.