पाणी ओसरल्यावर यादीत कोण?



नंदुरबार जिल्ह्यातील एका वाचक भगिनीने आम्हास दोन प्रश्न विचारले आहेत. त्यांचे धाकटे दीर सुरतेस पर्वत पाटिया येथे भाड्याच्या खोलीत सहकुटुंब राहतात व कापडबाजारात गाठी वाहण्याचे काम करतात. २०२५ च्या जून महिन्यात खाडीचे पाणी त्यांच्या खोलीत शिरले. ही वार्ता गावी पोहोचताच धर्मग्रामातील कुटुंबांनी आपुलकीने दोन पोती कपडे गोळा केले. ते कोणाकडे पाठवावे, हा भगिनींचा पहिला प्रश्न. दुसरा असा की, पुढे मदतीच्या याद्या झाल्या, शेजारच्या बंगलेवाल्याचे नाव त्यांत आले, मग आमच्या दिराचे का आले नाही? पहिल्याचे उत्तर चार ओळींत देता येईल, ते आम्ही शेवटी देऊ. दुसऱ्या प्रश्नाने मात्र आम्हास विचारात पाडले. कारण तो प्रश्न एका दिराचा नव्हे.

ज्यांनी पर्वत पाटिया पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. आपण ज्यास ‘फाटा’ म्हणतो त्यास गुजरातेत ‘पाटिया’ म्हणतात. हमरस्त्यावर गावाच्या नावाची पाटी लागते, तेथे गाड्या थांबतात, आणि आत गाव असते. पर्वत हे असेच एक आतले गाव होते. सुरत वाढत वाढत त्याच्या शिवारापर्यंत आली आणि पुढे गेली. आज तेथे घरांची, दुकानांची व कापडबाजारांची दाटी आहे. परंतु बारडोलीच्या वाटेने आणखी थोडे पुढे सरकले की सारोली, कुंभारिया, सणिया हेमाद ही नावे लागतात आणि ऊस व भाजीपाल्याची शेते अजून दृष्टीस पडतात. अर्धे गाव आणि अर्धे शहर असा हा पट्टा. संकटकाळी अशा पट्ट्याची पंचाईत होते. गाव म्हणून कोणी त्याची काळजी वाहत नाही, आणि शहराच्या सोयी तेथवर पोहोचता पोहोचता थकतात.

सुरतेचा पूर म्हटला की सर्वांना तापी आठवते, आणि ते साहजिकच आहे. १९६८ च्या ऑगस्टमध्ये तापीला जो महापूर आला त्यात सुमारे १५ लाख क्युसेक पाणी वाहिल्याची नोंद आहे. (एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, आपल्या घरगुती हिशेबाने सेकंदाला दोन हंडे.) पुढे १९७२ साली उकाईचे धरण पुरे झाले. त्या जलाशयाखाली गुजरात व महाराष्ट्र मिळून दीडशेहून अधिक गावे पूर्णतः अथवा अंशतः गेली आणि हजारो आदिवासी कुटुंबे उठली. सुरतेला पुरापासून वाचविण्यासाठी कोणाच्या घरावर कायमचे पाणी आले, हे आमच्या नवापूर-नंदुरबारकडील वाचकांस सांगणे नको. धरण झाले तरी २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले. अडाजण, रांदेर बुडाले, शहराचा तीन-चतुर्थांश भाग पाण्याखाली गेला. पावसाळा पुरा व्हावयाचा असता धरण इतके भरू का दिले, याविषयी पुष्कळ वाद झाला. त्यात आम्ही शिरत नाही.

पर्वत पाटियाचे दुखणे मात्र निराळे आहे. तेथे बुडविणारी तापी नव्हे, खाडी. मिठी खाडी, कोयली खाडी, भेदवाड खाडी अशा कितीएक खाड्या बारडोली, पलसाणा, कामरेजकडील शेतांचे पाणी घेऊन सुरतेच्या पूर्व व दक्षिण अंगास येतात. वरच्या तालुक्यांत रात्री जोराचा पाऊस झाला की शहरात ऊन पडले असतानाही दुसऱ्या दिवशी खाडी फुगते. त्यातच समुद्राला भरती असली तर पाण्यास पुढे सरावयास जागा उरत नाही. पूर्वी असे पाणी शेतांत पसरून बसे. आता तेथे भराव घातले, रस्ते उंच झाले, घरे झाली. पाण्याची बसण्याची जागा गेली, पाणी मात्र येतेच. २०२०, २०२४, २०२५ ही अलीकडची वर्षे. २३ जून २०२५ रोजी सुरतेवर जो पाऊस कोसळला त्यानंतर पर्वत पाटिया, लिंबायत आणि सणिया हेमाद येथे आकाश निवळल्यावरही कितीतरी दिवस पाणी हटले नव्हते.

कंबरभर पाण्याची कीर्ती होत नाही. महापुराला सेनादले येतात, मंत्री येतात, दूरदेशीचा पैसा येतो. खाडीच्या पुराला दोन दिवस छायाचित्रकार येतात. तिसऱ्या दिवशी गादी वाळत घातलेली असते, पीठ फेकलेले असते, मुलाची पुस्तके फुगून बसलेली असतात. आणि पुढच्या वर्षी हेच व्हावयाचे आहे हे सर्वांस ठाऊक असल्यामुळे कोणी त्यास संकट म्हणावयासही तयार नसतो.

येथे आम्हास सुरतेच्या औदार्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. पुराच्या पहिल्या दिवसांत या शहरात अन्नाची ददात पडत नाही. मंदिरे, मशिदी, गुरुद्वारे, व्यापाऱ्यांची मंडळे यांच्या कढया पेटतात, ट्रॅक्टरवरून व होड्यांतून खिचडीची पाकिटे वाटली जातात, आणि घेणाऱ्यास त्याची जात वा भाषा कोणी विचारीत नाही. अडचण उद्भवते ती पुढे. पहिल्या आठवड्याची मदत रस्त्याने येते. जो दिसेल त्यास मिळते. नंतरची मदत, जिला पुनर्वसन म्हणतात, ती यादीने येते. ज्याचे नाव असेल त्यास मिळते.

त्या भल्या शोमरोनी माणसाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जखमेवर तेल ओतणारा, आपल्या जनावरावर बसवून नेणारा शोमरोनी आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. परंतु दुसऱ्या दिवशी त्याने काय केले, याकडे आमचे तरी लक्ष फार उशिरा गेले. त्याने खानावळवाल्याला पैसे दिले, आणि याहून अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हा भरीन असे सांगितले. परत येण्याचा हा जो करार, त्याची चित्रे कोणी काढीत नाही.

आता यादीकडे वळू. सरकारी पंचनामा घर मोजतो, गुरे मोजतो, पीक मोजतो. तलाठी आपल्या वहीबाहेर जाऊ शकत नाही. ती वही मालकाची असते. भाडेकरूची खोली बुडाली तर भिंत मालकाची, म्हणून भिंतीची भरपाई मालकास. घरवखरी, म्हणजे भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण व कपडेलत्ते, यांसाठी गुजरातेत निराळी मदत असते खरी, परंतु ती मागावयास ‘मी येथे राहत होतो’ हे दाखवावे लागते. भाडेचिठ्ठी नाही, वीजबिल मालकाच्या नावाचे, शिधापत्रिका खानदेशातील गावची. अशा माणसाने काय दाखवावे?

खेड्याच्या बाजूसही हेच. वाट्याने भाजीपाला करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. वांगी, भेंडी, कोथिंबीर तीन दिवसांच्या पाण्याने कुजते. खुरपणाऱ्या मजूर बाईचे महिन्याचे काम बुडते, आणि बुडालेल्या मजुरीचा रकाना कोणत्याच नमुन्यात नसतो. सुरतेच्या वस्त्यांत तर याहून सूक्ष्म नुकसान आहे. साडीवर टिकल्या वा खडे चिकटविणे, लेस लावणे, धागे तोडणे ही कामे बायका घरी आणून नगावर करतात. साड्यांचा गठ्ठा भिजला तर माल दुसऱ्याचा, जबाबदारी हिची. बहुधा पुढच्या मजुरीतून तो कापून घेतला जातो. ही बाई पूरग्रस्त आहे की नाही? घरात पाणी घोट्याइतकेच आले होते, म्हणून यादी म्हणते, नाही.

अशा ठिकाणी धर्मादाय संस्थेचे खरे काम सुरू होते. सरकारच्या यादीवरून आपली यादी उतरवून घेणारी संस्था सरकारचेच काम दुसऱ्यांदा करते. तिने विचारावयाचे ते इतकेच : या यादीत कोण नाही? ते कळण्यास घरोघर गेले पाहिजे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम व त्याच्या विद्यार्थी मित्रांनी संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाने जी संस्था काढली, तिने पहिल्यापासून हीच रीत धरली. सभासदांनी दोघादोघांनी गरिबाच्या घरी जावयाचे, उंबऱ्याच्या आत बसावयाचे, मग मदतीचे ठरवावयाचे. आपल्या कित्येक धर्मग्रामांत ही संस्था आहे. तिचे वृद्ध सभासद वही घेऊन निघाले की तरुण मंडळी हसतात. त्या वहीत काय असते ते पुरानंतर पाहावे.

पुनर्वसन ही काही परदेशी कल्पना नव्हे. १९२७ च्या जुलैत गुजरातवर अतिवृष्टीचे संकट आले तेव्हा वल्लभभाई पटेलांनी स्वयंसेवकांची जी फळी उभी केली, तिने अन्नवाटपावर समाधान मानले नाही. पेरणीचा हंगाम हातचा जाऊ नये म्हणून बियाणे खेडोपाडी पोहोचविले, घरे पुन्हा उभी करण्याकडे लक्ष दिले, सरकारी तिजोरीतून पैसा काढविला. पुढच्याच वर्षी बारडोलीच्या सत्याग्रहात याच संघटनेचा उपयोग झाला, हे इतिहासात नमूद आहे. बी वेळेवर मिळालेला शेतकरी दुसऱ्या वर्षी कोणाच्या दारी उभा राहत नाही. खिचडी मिळालेला राहू शकतो. खिचडी नको असे आम्ही म्हणत नाही. ती पहिल्या दिवसाची गोष्ट आहे.

पर्वत पाटियाच्या बाईस बी नको आहे. तिला बुडालेल्या गठ्ठ्याची रक्कम फेडण्यापुरते बिनव्याजी उसने हवे आहे, नाहीतर ती सावकाराकडे जाईल. शिंप्याला यंत्राची मोटार दुरुस्त करून हवी आहे. हातगाडीवाल्यास चाके हवी आहेत. शाळकरी पोरास जून-जुलैतच पुन्हा एकदा वह्या हव्या आहेत. आणि वाट्याने शेती करणाऱ्यास रोपे हवी आहेत, तीही महिन्याच्या आत. यांपैकी एकही वस्तू पोत्यात भरून पाठविता येत नाही.

आरोग्याविषयी थोडे, कारण ते सर्वांच्याच उपयोगाचे. दक्षिण गुजरातेत भात व उसाच्या शेतांत राबणाऱ्यांस पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप होतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पायाच्या जखमेवाटे तो शरीरात शिरतो. पायास चीर असेल तर पट्टी व बूट यांवाचून पुराच्या चिखलात उतरू नये, आणि ताप व पोटऱ्यांत कळा येताच ‘पाण्यात भिजलो होतो’ हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे. विहिरीत पुराचे पाणी गेले असेल तर आरोग्यसेवकाकडून विरंजक चूर्ण टाकून घेतल्याखेरीज ते पाणी पिऊ नये.

आता भगिनींच्या पोत्यांविषयी. भूजच्या २००१ च्या भूकंपानंतर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले, २००४ च्या सुनामीनंतर तामिळनाडूत तेच झाले. देणाऱ्याची भावना खरी होती, परंतु फाटका सदरा घेणाऱ्यास काय सांगतो याचा विचार झाला नव्हता. अंशू गुप्ता यांच्या ‘गूंज’ संस्थेने त्याच ढिगांतील कापड निवडून, धुऊन, कापून उपयोगात आणले. पुढे तिने अशीही पद्धत बसविली की गावकऱ्यांनी आपल्याच गावाचे एखादे काम, विहीर उपसणे वा रस्ता नीट करणे, ठरवून करावे आणि मोबदला म्हणून कपड्यांचा संच न्यावा. घेणाऱ्याची मान त्यात खाली जात नाही. तेव्हा दोन्ही पोती प्रथम उघडावी. जे आपण स्वतः मिस्सेला नेसून जाऊ तेवढेच ठेवावे. चादरी, टॉवेल व लहान मुलांचे कपडे बाजूस काढावे. बाकीच्यांच्या गोधड्या शिवाव्या. धर्मग्रामातील भगिनींच्या हातच्या चार गोधड्या दिराच्या घरी व त्यांच्या शेजाऱ्यांकडे पोहोचल्या तर त्या दोन पोत्यांहून अधिक उपयोगी पडतील. रोख रक्कम जमली असेल तर ती फादरांमार्फत धर्मप्रांताच्या समाजसेवा केंद्राकडे अथवा कारितास इंडियाकडे द्यावी. १९६२ साली भारतीय महागुरुस्वामींच्या मंडळाने स्थापिलेली ही संस्था उपवासकाळात आपल्या चर्चमध्ये जी वर्गणी गोळा करते, ती आपणांस ठाऊक आहेच. मात्र देताना एवढे लिहावे : ‘पुरानंतरच्या तिसऱ्या महिन्यासाठी.’

आणि दिरांचे नाव? त्यांनी खोलीमालकाकडून राहण्याच्या वास्तव्याची सही-शिक्क्याची चिठ्ठी घ्यावी, मुलांच्या शाळेचा दाखला व त्या पत्त्यावर आलेले कोणतेही टपाल जोडावे आणि प्रभाग कचेरीत अर्ज देऊन पोच मागावी. मालक चिठ्ठी देण्यास का कू करतात, कारण भाड्याचा आकडा उघड होतो. शेजारच्या चौघा भाडेकरूंनी मिळून मागितली तर बहुधा मिळते. खानदेशची शिधापत्रिका आता देशात कोठेही चालते, तेव्हा धान्य सुरतेतच उचलावे. नाव पुराच्या यादीत चढण्यास तिचा उपयोग होईलच असे नाही, परंतु सुरतेस धान्य उचलल्याची नोंद हाताशी असलेली बरी. हे सर्व कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवावे, कपाटाच्या खालच्या खणात नव्हे. मालकाने चिठ्ठी दिली की नाही, हे भगिनींनी आम्हास अवश्य कळवावे.