चाकोरी पाहायची तर गर्न्सीला

ओमाहाच्या मावशीकडून डेन्व्हरच्या भाच्याकडे जायला विमान सोयीचं, पण आम्ही मुद्दाम मोटार काढली आणि प्लॅट नदीच्या काठाने पश्चिमेला निघालो. एकोणिसाव्या शतकात बैलगाड्या घेऊन पश्चिमेला वसायला निघालेले ओरेगन ट्रेलचे प्रवासी याच वाटेने गेले. मिसूरीतल्या इंडिपेंडन्सपासून ओरेगनपर्यंत साधारण ३२०० किलोमीटर आणि चार-सहा महिने! सिनेमात ती माणसं ऐटीत गाडीत बसलेली दिसतात; प्रत्यक्षात गाडीत पीठ, खारवलेलं मांस आणि अवजारं, अन् माणसं बहुतेक वेळ पायी. मूळ रहिवाशांच्या हल्ल्यांपेक्षा कितीतरी जास्त बळी पटकीने घेतले. नेब्रास्कातला चिमणी रॉक लांबूनच दिसतो, फोटोही छान येतो. पण खरा ऐवज पुढे, वायोमिंगमधल्या गर्न्सीला. तिथल्या वालुकाश्मात गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या काही ठिकाणी पाच फूट खोल आहेत. मी त्यात उतरून उभा राहिलो, तर कडा जवळजवळ खांद्याला लागली. जवळच्या रजिस्टर क्लिफवर प्रवाशांनी नावं कोरली आहेत. आपल्या किल्ल्यांवर नावं खरडणाऱ्यांना आपण शिव्या घालतो, इथे मात्र त्याचं स्मारक. ज्यांच्या मुलखातून ही वाट गेली त्या लाकोटा, शायेन लोकांबद्दल फलकांवर आणखी मजकूर हवा होता. १८५१ साली फोर्ट लॅरामीजवळ त्यांच्याशी तह झाला, तो पुढे पाळला गेला नाही. अमेरिकेत नातेवाइकांकडे जाणाऱ्यांनी मॉलमधली एक दुपार वाचवावी आणि गर्न्सी बघून यावं.