आठ वर्षांनी एकदा

सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना कारवी नवी नाही. कुडाच्या भिंतीला जिच्या काठ्या लागतात, तीच ही कारवी. सात वर्षं ती नुसती हिरवी उभी असते. आठव्या वर्षी पावसाळा सरता सरता डोंगरच्या डोंगर जांभळे होतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २०१६ साली आणि मग २०२४ साली हा बहर आला. फुलं सरली, बोंडं धरली, की झुडूप वाळून जातं. बोंडं मात्र पुढच्या पावसाची वाट पाहतात. पहिल्या सरींचा ओलावा लागला, की तडतड फुटतात आणि बी दूर उडतं.

गेल्या बहराला भाची माझ्याबरोबर होती. ती वनस्पतिशास्त्र शिकते. तिनं कारण सांगितलं : सगळी झुडपं एकदम फुलली, की बी इतकं पडतं, की किडे-उंदरांनी खाऊनही उरतं. मग जरा थांबून म्हणाली, ''मावशी, एकेका गोष्टीचं कारण कळत चाललंय. मग देवाला काम काय उरलं? हल्ली चर्चमध्ये बसलं, तरी हेच डोक्यात येतं.''

मी तिला फादर सांतापाव यांच्याविषयी सांगितलं. जन्मानं स्पॅनिश, जेझुइट धर्मगुरू. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला. पुढे ते भारताच्या वनस्पती सर्वेक्षण खात्याचे प्रमुख झाले, १९६७ साली पद्मश्री मिळाली. कारणं शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि ते शेवटपर्यंत धर्मगुरूच राहिले.

जे कळत नाही तेवढ्यापुरताच देव मानला, तर प्रत्येक शोधाबरोबर तो लहान होत जाणार. कारवी आठ वर्षं कशी मोजते, हे अजून पुरतं उमगलेलं नाही. उद्या उमगेल. म्हणून डोंगर कमी जांभळा दिसेल का? येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात रानातल्या फुलांकडे नीट पाहायला सांगितलं. भिंग घेऊन पाहणंही पाहणंच की!

भाची लगेच काही बोलली नाही. वहीत मात्र तिनं तारीख लिहिली आणि पुढं २०३२. तेव्हा पुन्हा यायचं ठरलंय. तोवर तिनं प्रश्न विचारत राहावं. देवाला त्याचा राग येत असेल, असं मला वाटत नाही.